शाळेची दोन दप्तरं

आयोजकांनी विषय दिला आहे, ‘माध्यमिक शाळेतले उपक्रम आणि विद्यार्थिजीवन’. तो ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, जन्मभर तुम्ही कान्ट शिकवलात, शाळेतल्या वृक्षारोपणाशी तुमचं काय देणंघेणं? देणंघेणं आहे. निवृत्त प्राध्यापकाला समाजात एक हमखास काम मिळतं, ते म्हणजे प्रमुख पाहुण्याचं. मानधन लागत नाही, शाल-श्रीफळावर भागतं. त्यामुळे गेली दहाएक वर्षं डिसेंबर-जानेवारीत आम्ही मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून हिंडतो आहोत. तिथे जे पाहिलं त्याचं आज परीक्षण करायचं आहे. पुस्तकाचं करतात तसंच. या पुस्तकात काय लिहिलंय, कुणी लिहिलंय आणि वाचणारा कोण, एवढे तीन प्रश्न.

आधी एका शब्दाबद्दल बोलू. मराठीत ‘दप्तर’ म्हणजे मुलाच्या पाठीवरची पिशवी. आणि ‘दप्तर’ म्हणजे कचेरीतली कागदपत्रं. पुण्यातलं पेशवे दप्तर तुम्हाला ठाऊक आहे. फारसीतून आलेला हा शब्द आपण दोन्हींकडे वापरतो आणि त्यात आपल्याला वावगं वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हतं. पण या शाळा पाहताना आमच्या लक्षात आलं की शाळेत खरोखरच दोन दप्तरं असतात. एक लेकरांचं, एक कार्यालयाचं. आणि शाळेतला जवळजवळ प्रत्येक उपक्रम हळूहळू पहिल्या दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेला आहे. आजचं आमचं म्हणणं एवढंच. बाकीचा वेळ ते पटवण्यात जाईल.

आता शाळा कोणती, ते सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा म्हटली की बहुधा एखाद्या संस्थेची, अनुदानित. मराठवाड्याचं तसं नाही. इथे निजामाचं राज्य होतं, हायस्कुलं सरकारी होती. 1948 ला संस्थान मुक्त झालं, 1956 ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. ही सरकारी हायस्कुलं मग त्यांच्याकडे गेली. म्हणून आमच्याकडे ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हा शब्द आजही पाटीवर दिसतो. मुदलियार आयोगानं 1952-53 मध्ये बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली होती, त्यामुळे काही गावांत जुनी माणसं अजून ‘मल्टिपर्पज’ म्हणतात. आम्ही स्वतः अशाच शाळेत शिकलो. आम्ही पाचवीत होतो तेव्हा ती सरकारी होती, दहावीत गेलो तोवर जिल्हा परिषदेची झाली होती. पाटी बदलली. मास्तर, बाकं आणि लिंबाचं झाड तेच राहिलं.

आज या शाळेचा दिवस कसा सुरू होतो? परिपाठानं. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पसायदान. यातल्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही इतिहास आहे. प्रतिज्ञाच घ्या. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या कोषागार अधिकाऱ्यानं 1962 मध्ये ती तेलुगूत लिहिली. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पण लिहिणाऱ्याचं नाव शाळेत आपल्याला कुणी सांगितलं नाही. परिपाठाला आमची हरकत नाही. दोनशे मुलं एका सुरात काही म्हणतात, त्यातही एक शिक्षण असतं.

मग वर्षभराचं पत्रक. वृक्षारोपण, 15 ऑगस्ट, आमच्याकडे 17 सप्टेंबर म्हणजे मुक्तिसंग्राम दिन, वाचन प्रेरणा दिन, संविधान दिन, बालिका दिन, विज्ञान प्रदर्शन, क्रीडा स्पर्धा, तंबाखूमुक्त शाळा, स्वच्छता पंधरवडा, स्नेहसंमेलन. कागदावर पाहिलं तर असा समृद्ध विद्यार्थी जगात सापडायचा नाही. पण पुस्तकाचं परीक्षण अनुक्रमणिकेवरून करायचं नसतं. म्हणून एका दिवसाची हकीकत सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहसंमेलन अकराला होतं. आम्ही पोहोचलो सव्वा एकला. दोष आमचाच. वाटेत एका आप्तांकडे चहाला थांबलो आणि चहाचं जेवण झालं. मैदानावर मंडपाची सावली फक्त व्यासपीठावर होती. लेकरं उन्हात, सतरंजीवर, अकरापासून बसलेली. पुढच्या रांगेतल्या मुलींनी नाचाचे भाड्याचे कपडे घातलेले, तोंडावरची पावडर घामानं ओघळलेली. आम्ही मंचावर गेलो. सूत्रसंचालन दहावीतली एक मुलगी करत होती. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. हातातल्या कागदावरून तिनं वाचलं की प्रमुख पाहुणे आपल्या व्यस्त दिनक्रमातून वेळात वेळ काढून अगदी वेळेवर उपस्थित राहिल्याबद्दल शाळा त्यांची ऋणी आहे.

मागे बसलेली नववीची पोरं फस्सकन हसली. एका सरांनी डोळे वटारले, हसू थांबलं. पुढे सत्कार सुरू झाले, ते चाळीस मिनिटं चालले.

नंतर चहाच्या वेळी आम्ही त्या मुलीला बोलावलं. विचारलं, “बाळ, आम्ही तर दोन तास उशिरा आलो.” ती म्हणाली, “हो सर. पण कागदावर तसंच होतं.” आम्ही म्हणालो, “मग बोलताना बदलावंसं नाही वाटलं?” तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाली, “बदललेलं चालतं का, सर?”

हा प्रश्न तिनं उद्धटपणे विचारला नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. आणि आम्ही, ज्यांनी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यांनी काय उत्तर दिलं? “छान बोललीस हं,” असं म्हणून तिला एक पेन दिलं. ती गोष्ट आम्हाला अजून टोचते.

त्या वाक्याचा विचार करा. ते खोटं होतं हे तिला माहीत, मुलांना माहीत, शिक्षकांना माहीत, आम्हाला तर माहीतच. म्हणजे कुणाचीच फसवणूक झाली नाही. मग बिघडलं काय? बिघडलं हे की जे समोर दिसतंय आणि जे बोलायचंय, त्यांचा एकमेकांशी संबंध असण्याची गरज नाही, हे तीनशे मुलं एका दमात शिकली. हा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. तरी तो पक्का बसतो.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हाला कौतुकानं उपक्रमांची फाइल दाखवली. फाइल उत्तम होती. प्रत्येक पानावर दिनांक, उपक्रमाचं नाव, लाभार्थी संख्या, दोन फोटो. वृक्षारोपणाच्या फोटोत एका रोपाला अकरा हात लागलेले होते. आम्ही विचारलं, रोप कुठे आहे? ते हसले, “पाण्याचा प्रश्न आहे हो सर.” मग आम्ही म्हटलं, मुलांचं भित्तिपत्रक दाखवा. व्हरांड्यात फ्लेक्सवर छापलेलं भित्तिपत्रक होतं. रंगीत, देखणं. त्यात ‘आजचा सुविचार’ असा चौकोन होता आणि त्यात सुविचारही छापलेला होता. म्हणजे आजचा, उद्याचा आणि पुढच्या जूनचाही.

कुणी म्हणेल, मास्तरांना झोडपायचं फार सोपं असतं. बरोबर आहे, आणि आम्हाला ते करायचंच नाही. या शिक्षकांची गत पाहा. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याचं 27 वं कलम सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. 29 वं कलम सांगतं की शिक्षण कृतीतून, शोधातून, मुलाला भीती न वाटता व्हावं. कलमं उत्तम आहेत. पण प्रत्यक्षात सकाळी मोबाइलवर परिपत्रक येतं की आज अमुक दिन साजरा करून दुपारपर्यंत फोटो अपलोड करावेत. उपक्रम झाला की नाही हे ठरवणारा तालुक्याला किंवा मुंबईला बसलेला, त्यानं मूल पाहिलेलं नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फोटोच. मग शिक्षक, बिचारा, फोटोसाठी उपक्रम करणार नाही तर काय करणार?

इथे कान्ट आमच्या कामाला येतो. 1784 मध्ये त्यानं ‘प्रबोधन म्हणजे काय’ या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यानं एक भेद केला आहे, तो ऐकायला उलटा वाटतो. पदावर बसलेला माणूस पदाच्या कामासाठी बुद्धी वापरतो, त्याला तो बुद्धीचा ‘खासगी’ वापर म्हणतो. तिथे आज्ञा पाळावी लागते. पण तोच माणूस वाचणाऱ्या जगासमोर आपलं मत मांडतो तेव्हा तो ‘सार्वजनिक’ वापर, आणि तो मोकळा असलाच पाहिजे. आता हा भेद शाळेला लावून पाहा. शिक्षक पदावर आहे, त्याला परिपत्रक पाळावं लागेल, मान्य. पण विद्यार्थी कुठल्या पदावर आहे? त्या मुलीला कुणी नेमणूकपत्र दिलंय? ती कोणाचीही नोकर नाही. तरी आपण तिला पहिल्यांदा माइक देतो तेव्हा कारकुनाचं वाक्य वाचायला देतो. सार्वजनिक शाळेत बुद्धीचा सार्वजनिक वापरच होत नसेल, तर पाटीवरचा तो शब्द कशासाठी?

हे सगळं त्याच दिवशी आम्ही तिथल्या एका तरुण शिक्षकाला बोलून दाखवलं. जरा तोऱ्यातच बोललो असू. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, तुमचं बरोबर असंल. पण या लेकरांना स्टेज दुसरीकडं कुठं भेटणार? शहरातल्या पोराला क्लास हाय, शिबिर हाय, बाप गाडीवर सोडतो. हिला हे एक संमेलन हाय वर्षाचं. ते बी बंद करायचं का?”

आम्ही गप्प झालो. आमच्या टीकेतली ही खरी फट होती आणि ती त्यानं अचूक पकडली. उपक्रम नकोत, म्हणून चालणार नाही. ज्या घरात पुस्तक नाही, तिथल्या मुलासाठी शाळेचं वाचनालय हेच एकमेव वाचनालय आहे. त्या खणखणीत आवाजाच्या मुलीला आवाज आहे हे गावाला कळलं ते त्या सतरंजीवरच्या संमेलनामुळेच. तेव्हा आम्ही आमचं म्हणणं दुरुस्त केलं. संमेलन राहू द्या. फक्त तो कागद तिला लिहू द्या.

हे आदर्शाचं बोलणं नाही. आमच्या आठवणीत ते घडलेलं आहे. 1965 चा सुमार. आमच्या शाळेत भित्तिपत्रक होतं, हातानं लिहिलेलं, टाचण्यांनी लावलेलं. संपादक आम्ही. एका वर्गमित्रानं लेख आणून दिला. विषय पाण्याचा. शाळेचा शिपाई काही मुलांना रांजणातलं पाणी स्वतः घेऊ देत नसे, वरून ओंजळीत ओतत असे. कोणत्या मुलांना, ते सांगायची गरज नाही. अस्पृश्यता घटनेनं रद्द करून पंधरा वर्षं झाली होती, आणि हे रोज, सगळ्यांच्या देखत चाललं होतं. आम्ही स्वतः तांब्यानं पाणी घेणाऱ्यांपैकी होतो. लेख वाचून आम्ही म्हणालो, पुढच्या अंकात पाहू. खरं कारण, आम्ही घाबरलो. त्यानं वादही घातला नाही. मधल्या सुट्टीत स्वतः टाचण्या आणून लेख लावून टाकला.

हेडमास्तर आले. त्यांनी पूर्ण लेख उभ्यानं वाचला. फळा उतरवून कार्यालयात नेला. आठवडाभर भिंत रिकामी होती. मग फळा परत आला आणि लेख त्यावर तसाच होता. हेडमास्तरांनी भाषण केलं नाही. रांजणाला तोटी बसली, पण ती लेखामुळे बसली की बसणारच होती, हे आम्हाला सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की त्या आठ दिवसांत शाळेतला प्रत्येक मुलगा पाणी पिताना आजूबाजूला पाहत होता. आमच्या लेखी शाळेतला उपक्रम तो. फाइलमध्ये त्याचा एकही कागद नसेल.

आणि मराठवाड्याला हे नवीन कशाला असावं? 1938 मध्ये औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचं ठरवलं. बंदी आली, तरी म्हटलं. कित्येकांची नावं काढून टाकण्यात आली, त्यांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. 17 सप्टेंबरला शाळाशाळांतून या लढ्याची आठवण काढतात, भाषणंही होतात. पण ती भाषणं कुणीतरी लिहून दिलेली असतात. आज्ञा मोडून गायलेल्या मुलांबद्दल आजचं मूल आज्ञेनं, पाठ केलेलं बोलतं. यातला विरोध आपल्या लक्षात तरी येतो का?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. उपक्रमांच्या फाइलमध्ये जे दिसत नाही, त्या बाजूकडे. शाळेचं खरं विद्यार्थिजीवन तिथे आहे.

शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. पोषण आहारही आठवीपर्यंत. पण प्रशाला असते पाचवी किंवा आठवी ते दहावी. म्हणजे एकाच व्हरांड्यात आठवीचं लेकरू खिचडीला बसतं आणि नववीचं भाऊ-बहीण शेजारून जातं. जूनमध्ये भूक काही एका इयत्तेनं कमी होत नाही. एका शाळेत आम्ही पाहिलं, नववी-दहावीच्या मुली वाढायला येतात. कोणी नेमलेलं नाही. वाढून झालं की उरलेलं खातात. बाई दुसरीकडे पाहतात. या गोष्टीला काय म्हणायचं? नियमात बसत नाही, फोटोत तर नाहीच नाही. पण त्या शाळेत आम्ही पाहिलेल्या उपक्रमांत सर्वांत माणुसकीचा हाच होता.

दुसरं असं. संमेलन डिसेंबर-जानेवारीत का? सहल, थंडी, परीक्षा लांब, सगळं सोयीचं. पण बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. आईबापांबरोबर काही लेकरंही जातात, किंवा धाकट्यांना सांभाळायला नववीतली पोरगी घरी राहते आणि शाळेतून गळते. म्हणजे शाळा ऐन रंगात येते तेव्हा ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज, ती मंडपात नसतात. लाभार्थी संख्या मात्र पटावरून लिहिलेली असते. परीक्षक म्हणून आमचा हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या पुस्तकातून नेमकी हीच पात्रं वगळलेली आहेत, त्याला आम्ही पूर्ण पुस्तक मानत नाही.

सरकारी ते सगळं वाईट, असं मात्र आम्ही म्हणत नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, मुलींसाठी एसटीच्या गाड्या सुटतात. सकाळी एखाद्या फाट्यावर उभं राहून पाहा. सात-आठ मुली सायकलींवरून हसत, ओरडत, एकमेकींना मागे टाकत जाताना दिसतील. त्यांना कोणी भाषण दिलेलं नाही. सायकल घेऊन ती मुलगी शाळेत जाते, आणि दळण टाकायलाही जाते, मैत्रिणीकडेही जाते. देणाऱ्यानं साधन दिलं, पुढचं तिच्यावर सोपवलं. चांगल्या कार्यक्रमाची खूण आम्हाला इथे सापडते. तो मुलाच्या हातात गेल्यावर त्याचं काय होईल हे पूर्णपणे आधी सांगता येत नाही.

डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांनी 1916 मध्ये ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ लिहिलं. लोकशाही ही राज्यपद्धतीच्याही आधी एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्यांचा मुद्दा. आता विचार करा, एकत्र जगायला मूल कुठे शिकणार? घरी जात आहे, नातं आहे. बाजारात पैसा आहे. गावातली सगळी पोरं एका सतरंजीवर बसतात ती जागा जिल्हा परिषदेची शाळा हीच, आणि आता तिथूनही ज्यांना परवडतं ती इंग्रजी शाळेत चालली आहेत. जी उरली त्यांना आपण कागदावरचं वाचायला शिकवलं, तर उद्या ग्रामसभेत ती काय करणार? ठराव आधीच लिहून आलेला असेल, ती अंगठ्याऐवजी सही करतील. एवढीच प्रगती.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. परिपत्रकं थांबणार नाहीत, फोटोही थांबणार नाहीत. पण आठवड्यातला एक तास असा ठेवा की ज्याची कुठेच नोंद होणार नाही. मोबाइल टेबलाच्या खणात. त्या तासाला मुलांनी काय करायचं ते मुलांनी ठरवावं. पहिल्या महिन्यात गोंधळ होईल, दंगा होईल, काही पोरं झोपतील. चालेल. आणि ते फ्लेक्सचं भित्तिपत्रक काढा, साधा फळा लावा, टाचण्यांची डबी ठेवा. हेडमास्तरांना न आवडणारा लेख एक ना एक दिवस त्यावर येईल. तो आला की शाळेत विद्यार्थी आहेत असं समजा.

आणि आमच्यासारख्या पाहुण्यांनी वेळेवर जावं. नाही जमलं तर माइक हातात आल्यावर पहिलं वाक्य लेकरांची माफी मागण्याचं असावं. आम्ही त्या दिवशी ते केलं नाही.

ती मुलगी आता कॉलेजात असेल, किंवा तिचं लग्नही झालं असेल. हे भाषण तुम्ही नेटवर ठेवणार आहात म्हणून सांगतो, कदाचित तिच्या मोबाइलवर जाईल. बाळ, तू विचारलं होतंस, बदललेलं चालतं का. आम्ही पेन देऊन वेळ मारून नेली होती. उत्तर आज देतो. चालतं. त्या पेनानं तेच करायचं होतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

बराच वेळ घेतला. शिक्षक मंडळी पुष्कळ आलेली दिसतात, त्यांनी आधी बोलावं. आमचं चुकत असेल तर स्पष्ट सांगा. आम्ही ऐकतो.